टँकमधली खडी काढून धुवायची नाही, जागेवरच सायफनने साफ करायची

तुम्ही विचारलंय की माशांच्या दोन फुटी टँकमध्ये खडीखाली घाण साठते, काका म्हणतात महिन्यातून एकदा सगळं पाणी काढा, खडी धुवून उन्हात वाळवा आणि नव्या पाण्याने टँक भरा, तर तसं करावं का? आणि बोअरचं पाणी चालेल का?

तसं अजिबात करू नका. आमच्या घरी हे एकदा झालंय म्हणून सविस्तर लिहितेय.

मी लातूरची. २०१६ चा उन्हाळा इथल्या कुणाला सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलं होतं, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे ५ लाख लिटर घेऊन आली. अशा दिवसांत घरात माशांचा टँक म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत खुपणारच. आमचे थोरले भाऊजी तर रोज ऐकवायचे, "माणसाला प्यायला थेंब नाही अन् हिचे मासे दर आठवड्याला नवं पाणी पितेत!"

मी हिशोब मांडून दाखवला होता. दोन फुटी टँकमध्ये खडी सोडून साधारण ४५ लिटर पाणी बसतं. आठवड्याला चौथा हिस्सा म्हणजे ११-१२ लिटर, बादलीभरसुद्धा नाही. काढलेलं पाणी कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला जायचं. झाडांना वेगळं पाणी मी घालतच नव्हते, मग वाया काय गेलं? शिवाय खाणं एक दिवसाआड केलं होतं, त्यामुळे घाणही कमी व्हायची. भाऊजींचं म्हणणं तुमच्या काकांसारखंच, "महिन्यातून एकदाच चकाचक धुवा, पाणी वाचतं." कसं वाचतं? पूर्ण भरायला ४५ लिटर आणि खडी धुवायला तीन-चार बादल्या. महिन्याचं पाणी दुपटीच्या वर जातं.

मी माहेरी उदगीरला गेले आणि भाऊजींनी ते करूनच दाखवलं. मासे पातेल्यात काढले. खडी घमेल्यात घेऊन धुण्याच्या पावडरीने घासली, गच्चीवर वाळवली. फिल्टरचा स्पंजही पिळून पिळून धुतला. मग टँकरचं पाणी थेट ओतलं, त्यात टीसीएलचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या पावडरचा वास येत होता तरी. मी परत आले तेव्हा मोली जातीचे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. एवढ्या वर्षांच्या माझ्या काळ्या मोली दोन दिवसांत गेल्या. काच मात्र आरशासारखी लखलखत होती. भाऊजी आजही म्हणतात, "ऊन लागलं त्यांना." टँक मधल्या खोलीत, तिथे ऊन येतच नाही.

झालं काय ते सांगते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. खडीवर आणि स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू नव्याने बसायला महिना-दीड महिना लागतो. दह्याचं भांडं विरजणासकट घासून टाकल्यावर दुसऱ्या दिवशी दही कुठून लागणार? त्यात क्लोरीन कल्ले जाळतं आणि राहिलेसाहिलेले जिवाणूही मारतं. धुण्याच्या पावडरीचा अंश खडीत राहिला असेल तो वेगळाच.

तुम्ही काय करायचं? गवंड्याची लेव्हलची नळी घ्या. पाण्याच्या छोट्या बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून तोंडाकडून नळीला घट्ट बसवा, झाला सायफन. पंप-फिल्टर तेवढ्यापुरता बंद करून बाटलीचं रुंद तोंड खडीत खुपसा, नळीचं दुसरं टोक खाली ठेवलेल्या बादलीत सोडा. घाण वर चढते, खडी जड म्हणून खाली पडते. खडे नळीकडे यायला लागले की नळी चिमटीत धरा. एका आठवड्यात अर्धी खडी, पुढच्या आठवड्यात उरलेली. चौथा हिस्सा पाणी निघालं की थांबायचं, घाण राहिली तरी. त्याच बादलीतल्या पाण्यात स्पंज हलका दाबून घ्यायचा, नळाखाली कधीच नाही. नवं पाणी खडीवर ठेवलेल्या बशीवर हळूहळू सोडायचं.

बोअरचं पाणी आपल्या काळ्या पाषाणातलं, जड म्हणजे जास्त क्षारांचं असतं. मोली, गपी यांना ते मानवतं. रात्रभर उघड्या ड्रममध्ये एअर पंप लावून ठेवा. नळाचं किंवा टँकरचं असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय नको. आरओने फेकलेलं पाणी वापरू नका, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात. आणि उन्हाळ्यात आटलेलं पाणी भरलं म्हणजे पाणी बदललं असं होत नाही. वाफ होते ती पाण्याची, क्षार आणि नायट्रेट तिथेच राहतात.

भाऊजींची एक बाजू खरी आहे तीही सांगते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून उन्हाळ्यात पंप बंद ठेवू नये. पण ऊन त्याआधीचा अख्खा महिना तेवढंच होतं आणि मासे मजेत होते. यावर त्यांच्याकडे आजवर उत्तर नाही.

हे सगळं चालू असलेल्या, स्थिरावलेल्या टँकबद्दल. झाडं लावली असतील तर मुळांजवळ सायफन खुपसू नका. एंजल, डिस्कससारखे मासे असतील तर जड पाण्याचा मुद्दा वेगळा, तिथे माझं ऐकू नका. रोग येऊन सगळेच मासे गेले तर मात्र टँक रिकामा करून धुवायलाच हवा. काकांना खडी धुवायचीच असेल तर दुकानातून आणलेली नवी खडी त्यांच्याकडे द्या. ती पाणी नितळ निघेपर्यंत धुवावीच लागते, साबण न लावता.