जालना रोडला सायकल काढायच्या आधी

भाऊ, सायकल घेतलीस लई भारी केलंस. तू विचारलास की हेल्मेट कंपल्सरी हाय का, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२९ मोटारसायकलवाल्यांसाठी हाय, साध्या सायकलला ते लागू नाही. २५० वॅटच्या आतली अन् २५ च्या स्पीडखालची ई-सायकलसुद्धा कायद्यात मोटार वाहन धरत नाहीत. पण म्हणून उघड्या डोक्यानं जाऊ नको बाबा! मागच्या पावसाळ्यात सिडकोकडून येताना एका उभ्या कारचा दरवाजा अचानक उघडला, मी डाव्या कानावर पडलो, घरी येऊन बघतो तर हेल्मेटचा थर्मोकोल आतून उभा चिरलेला, ते डोकं असतं तर? गाडीचं आयएसआय हेल्मेट घालू नको, उन्हात जीव जातो, सायकलचं घे, आत ईएन १०७८ (सायकल हेल्मेटचं युरोपियन मानक) लिहिलेलं बघ. कपाळावर भुवईच्या दोन बोटं वर बसलं पाहिजे, पट्टा हनुवटीखाली घट्ट.

आपल्याकडं वेगळी लेन बहुतेक ठिकाणी नाहीच, अन् जिथं हाय तिथं गाड्या लावलेल्या असतात, म्हणून डावीकडूनच चाल पण अगदी कडेला चिकटू नको, उभ्या गाडीपासून हातभर अंतर सोड. राँग साइड तर कधीच नको. सिग्नल तुलाही हाय. मागं लाल लाइट लावच, आजच घे.