‘मायकेल अन गॉफ’ : माणूस एक की दोन?

प्रश्न असा आहे : ‘१४९७ च्या कॉर्नवॉलच्या उठावाचे नेते मायकेल अन गॉफ’ असं एका मराठी मजकुरात छापलंय. हे दोघे होते का? आणि गॉफ हे आडनाव आहे का?

माणूस एकच. घोटाळा ‘अन’ने केलाय. आपल्या कानाला तो ‘आणि’चा ‘अन्’ वाटतो. त्यात सुरुवातीला उठावाचे पुढारीही खरोखर दोन होते, त्यामुळे शंका आणखी पक्की होते. पण दुसरा गॉफ नव्हे, तो बॉडमिनचा वकील थॉमस फ्लॅमँक.

कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं नैऋत्य टोक. तिथल्या कॉर्निश भाषेत ‘अन’ हा नामाआधी येणारा, इंग्रजी ‘द’सारखा निश्चयवाचक शब्द आहे. ‘गॉफ’ म्हणजे लोहार. म्हणून ‘अन गॉफ’ म्हणजे ‘तो लोहार’, गावात सगळे ज्याला ओळखतात असा. मराठीत असा शब्द वेगळा लागतच नाही. ‘लोहाराकडे जाऊन ये’ म्हटलं की कुठला लोहार ते घरात सगळ्यांना कळतं.

हा माणूस लिझर्ड द्वीपकल्पातल्या सेंट केव्हर्नचा. त्याचं नाव मायकेल जोसेफ, गॉफ हा त्याचा धंदा. स्कॉटलंडशी लढायला इंग्लंडच्या सातव्या हेन्री राजाने जबर कर बसवला. स्कॉटलंड देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, त्या लढाईचा भुर्दंड आम्ही का सोसायचा, असं म्हणत कॉर्नवॉलची माणसं थेट लंडनवर चालून गेली. १७ जून १४९७ रोजी डेप्टफर्डच्या पुलापाशी ती हरली आणि २७ जूनला लंडनच्या टायबर्नला मायकेल आणि फ्लॅमँक दोघांना देहदंड झाला. माझं नाव कायमचं राहील आणि कीर्ती अमर होईल, असं मायकेल शिक्षेला जाताना म्हणाल्याचं जुन्या बखरकारांनी नोंदवलंय. आणि ते खरं ठरलं, पण टिकलं ते धंद्याचं नाव! कॉर्नवॉलमध्ये आजही त्याला ‘अन गॉफ’ म्हणूनच ओळखतात.

आडनावाचा प्रश्न मात्र रास्त आहे, कारण पुढे याच दोन शब्दांचं ‘अँगोव्ह’ असं कॉर्निश आडनाव झालं, आपल्याकडे लोहार, सुतार, सोनार झाली तसंच. समुद्रापलीकडे फ्रान्सच्या ब्रिटनीत ‘ल गॉफ’ आडनावाची माणसं भरपूर आहेत. तिथल्या ब्रेटन भाषेतही गॉफ लोहारच, फक्त पुढचा ‘ल’ फ्रेंच.

लिहिताना मी ‘अन-गॉफ’ अशी जोडरेघ देईन आणि पहिल्या उल्लेखाला ‘मायकेल जोसेफ, म्हणजेच अन-गॉफ’ असं पूर्ण लिहीन. ‘गोफ’ असा ओकार नको. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच गोफ विणणाऱ्या मुली येतील.