525 टाकूनही शॉट कधी हिरवा, कधी लेट

प्रश्न : दादा नमस्कार, मी मिरजेचा, यंदा बारावी झाली. मित्राकडनं क्रोनस झेन आणलंय, म्हणजे कंट्रोलरची बटणं आपोआप दाबून-सोडून देणारं मशीन, आणि ते पीएस5 ला लावून एनबीए टू-के हा बास्केटबॉलचा गेम खेळतोय. त्याच्या स्क्रिप्टमध्ये चौकोन बटणाचा, म्हणजे शॉटच्या बटणाचा वेट (किती मिलिसेकंद दाबून धरायचं तो आकडा) 525 ठेवलाय. ऑफलाइन प्रॅक्टिसला एक शॉट हिरवा जातो, म्हणजे अगदी वेळेवर सुटतो, दुसरा जरासा लेट, परत हिरवा, आणि ऑनलाइन गेलं की नुसता राडा. आमचा टीव्ही जुना आहे, त्याचं काही असेल का? नंबर किती टाकू?

उत्तर : आधी टीव्हीला सोड, त्याचा यात काही दोष नाही. टीव्ही चित्र उशिरा दाखवतो तेव्हा माणूस फसतो, कारण माणूस स्क्रीनवर शॉटची वेळ दाखवणारा मीटर बघून बटण सोडतो. स्क्रिप्ट कुठं काय बघतीय? तू बटण दाबलंस की ती मोजायला लागते आणि 525 मिलिसेकंद झाले की डोळे झाकून सोडून देते.

घोळ त्या 525 मध्येच आहे. गेम सेकंदाला 60 फ्रेमनी, म्हणजे 60 चित्रांनी चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण 16.67 मिलिसेकंदाची, आणि बटण दाबलेलं आहे की सुटलंय हे गेम त्या फ्रेमच्या हिशेबानंच बघतो. आता 525 ला 16.67 नं भागून बघ, साडेएकतीस येतात. गेमला अर्धी फ्रेम कळत नाही. मग तू फ्रेमच्या सुरुवातीला दाबलंस की शेवटाला, त्यावर कधी 31 मोजल्या जातात कधी 32. मिरज-सांगली सिटी बससारखं आहे हे, बस तिच्या वेळेला सुटते, तू स्टॉपवर कधी टेकलास त्यावर ही मिळाली का पुढची ते ठरतं. तुझा एक शॉट हिरवा आणि एक लेट जातो म्हणजे तुझ्या जंप शॉटला (प्लेअरच्या उडी मारून बॉल टाकायच्या पद्धतीला) 31 फ्रेम लागतात आणि 32 वी जास्त होतीय. 31 फ्रेम म्हणजे 517. तेवढा एक आकडा बदल, बाकी कशाला हात लावू नको. बरीच पोरं उलटं करतात, दर वेळी पाच-पाच नी वाढवत बसतात, 520, 525, 530, आणि मग म्हणतात मशीन खराब आहे. पाचाच्या पटीत नाही, फ्रेमच्या पटीत सरकायचं : 500, 517, 533, 550.

स्क्रिप्टमधला कॉम्बो, म्हणजे बटणांचा ठरलेला क्रम उघडलास तर दिसेलच की सगळा खेळ तीन ओळींचा आहे, सेट व्हॅल या आज्ञेनं चौकोन 100 वर न्यायचा (पूर्ण दाबलेला), खाली वेट, मग परत 0 (सोडलेला). कुणी पैसे घेऊन "स्पेशल स्क्रिप्ट" विकत असेल तर आत बहुतेक हेच सापडतं, वर मेनूची रंगरंगोटी.

पण हा 517 फक्त त्या एका शॉटचा. जंप शॉट बदललास, शॉट स्पीड बदललास की नंबर गेला. प्लेअर दमला, अंगावर डिफेंडर आला, मागं झुकून मारलास, सगळीकडं गणित वेगळं. आणि ऑनलाइनला तर सर्व्हरपर्यंत जाण्यायेण्याचा वेळ मधे येतो, तो पण एकसारखा नसतो, आत्ता एक आणि घरात कुणी मोबाईलवर पिक्चर लावला की दुसरा. माणूस दोन-चार शॉट हुकले की हात आपोआप सावरतो, स्क्रिप्ट मात्र शंभराव्या शॉटलाही तेच 517 मोजत बसते. राडा होतोय तो त्यामुळं.

आता जरा कडू बोलतो. ऑनलाइन हे लावून खेळणं म्हणजे समोरच्याला फसवणं, तिथं मी नंबर जुळवून देणार नाही. अकाउंट बॅन झालं तर गोळा केलेलं सगळं जाईल ते वेगळंच. कन्सोलवाल्या कंपन्याही मागं लागल्यात, एक्सबॉक्सनं नोव्हेंबर 2023 पासून परवानगी नसलेले कंट्रोलर आणि मशिनी अडवायला सुरुवात केली आणि 2024 च्या सुरुवातीला पीएस5 च्या एका अपडेटनं झेनच बंद पाडलं होतं. घरात कॉम्प्युटरविरुद्ध खेळतोयस तर खुशाल लाव, प्रयोग कर, त्यात मजा आहे. मलाही हे फ्रेमचं गणित असंच रात्री दोन वाजता वहीवर भागाकार करताना कळलं.

प्रश्न : मी साताऱ्याहून लिहितेय. मुलगा नववीत आहे, बास्केटबॉलच्या गेममध्ये शॉट नीट बसत नाही म्हणून असलंच मशीन मागतोय. घेऊन द्यावं का?

उत्तर : नको ताई. आधी रिमोट घ्या आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड आहे का बघा, असला तर चालू करा. वरच्या पोराला मी टीव्ही सोड म्हटलं, तुम्हाला धर म्हणतोय, कारण तुमचा मुलगा हातानं खेळतो. गेम मोड नसला की टीव्ही चित्र सजवून-बिजवून मग दाखवतो, तेवढ्यात मीटर पुढं गेलेला असतो. मी स्वतः यात गंडलोय, कंट्रोलर बिघडला म्हणून दुकानात गेलो, दुकानदारानं काही न विचारता नवा गळ्यात मारला, आणि घरी आल्यावर शॉट तसाच लेट. चूक टीव्हीची, फटका खिशाला!

मग त्याला सांगा की मीटर बंद करून प्लेअरच्या हाताकडं बघून सोडायचा सराव कर, रोज एकाच जंप शॉटवर, दर दोन दिवसांनी बदलायचा नाही. आणि खेळताना भडंगाची ताटली लांब ठेवा. हसू नका, त्याच तेलकट बोटांनी माझ्या जुन्या कंट्रोलरचं चौकोन बटण असं चिकटायला लागलं होतं की दाबलं की वर यायचंच नाही.