कोळ्यानं तुझ्याकडे बघायला हवं

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

जास्वंदीवरच्या कोळ्याचे तुझे फोटो मोठे करून नीट पाहिले. अगदी जवळून टिपणारी महागडी मॅक्रो लेन्स घेऊ का, असं विचारलंस. आत्ता नको. तुझ्याकडे ५० मिमीची लेन्स आहे, तिच्यामागे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्यामधली पोकळ नळी, लाव. ट्यूबची लांबी ५० मिमीपर्यंत नेलीस की कोळी सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो. ट्यूब मात्र कॅमेरा आणि लेन्स विजेनं जोडणारी, कॉन्टॅक्टवाली घे, नाहीतर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, बदलता येणार नाही. उरलेले पैसे फ्लॅशसाठी ठेव. तुझ्या फोटोंत खरी उणीव उजेडाची आहे.

एवढ्या जवळून अ‍ॅपर्चर एफ ११ ठेवलंस तरी आत येणारा उजेड एफ २२ इतकाच, म्हणजे फार कमी असतो, आणि फोकसमध्ये राहतं जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून कॅमेरा मॅन्युअलवर घे: एफ ११, शटर १/१६०, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, बाकीचं काम फ्लॅशचं. त्याच्या क्षणभराच्या झोतात हाताची थरथरही गोठते, ट्रायपॉड लागत नाही. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर कमानीसारखा वाकवून लाव आणि तो लेन्सच्या टोकापर्यंत पुढे आण. उजेड मऊ झाला की नाही हे कोळ्याच्याच डोळ्यांत दिसतं. तिथे टोचणारा पांढरा ठिपका असेल तर कागद अजून जवळ हवा.

फोकसची रिंग फिरवू नकोस. डाव्या हातात फांदी धर, त्याच हातावर लेन्स टेकव आणि श्वास रोखून केसभर पुढे-मागे हो. फांदी हलली तर कॅमेराही तिच्याबरोबर हलतो.

आता कोळ्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. तू टिपलेला उड्या मारणारा आहे, जाळं विणून वाट बघत बसणाऱ्यांतला नाही. त्याला आठ डोळे. बाजूच्या डोळ्यांना हालचाल कळते, मग तो गर्रकन वळतो आणि समोरचे दोन मोठे डोळे तुझ्यावर रोखतो. या डोळ्यांची भिंगं जागची हलत नाहीत, त्यांच्यामागे आत एक नळी असते, तिच्या टोकाचा पडदा मात्र नळीसकट सरकतो. त्यामुळे तो दुसरीकडे बघत असला की डोळा मधासारखा फिकट दिसतो आणि थेट तुझ्याकडे बघितलं की काळाभोर होतो. बटण दाबायचं ते त्या क्षणी. तुझ्या सगळ्या फोटोंत डोळे फिकट आहेत, म्हणजे घाई झाली. आधी थोडा वेळ नुसता बसून राहा, त्याला तुझी सवय होऊ दे. उडी मारण्याआधी तो पोटाचं टोक पानाला टेकवून धागा चिकटवतो. तेवढं दिसलं की तो आता निघाला असं समज.

घराच्या भिंतीवर उड्या मारणाऱ्यांतलाच करडा मेनेमेरस भेटेल, तसाच काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला प्लेक्सिपसचा नर. तोंडापुढच्या दोन छोट्या सोंडा टोकाला फुगीर असतील तर नर, हे ओळखायला सोपं. कडुनिंबाच्या सालीला चिकटलेला दोन शेपट्यांचा हर्सिलिया कोळी शोधायला मात्र नजर तयार व्हावी लागते.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा उजाडताच बाहेर पड आणि ऊन चढायच्या आत परत ये. खरा हंगाम पोळा-मारबत उरकल्यावर, झाडोरा हिरवागार असताना. डिसेंबरच्या थंडीत कोळी उन्हं येईपर्यंत रेशमी खोळीत दडून बसतात, तेव्हा खोळ उसवून त्यांना बाहेर काढू नकोस. आत मादी अंड्यांवर बसलेली असू शकते, किंवा कोणी कात टाकत असेल. कात टाकताना धक्का लागला तर पाय अडकून जीव जातो.

कोळ्याला फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करायचं आणि मग फोटो काढायचा, असंही कोणी शिकवील. तसा फोटो मला दाखवू नकोस. पाय आखडलेला, मरगळलेला कोळी जाणकाराला लगेच ओळखू येतो, आणि मला त्याचा फार राग येतो.

ट्यूब आली की रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सला ये. येताना फ्लॅशचे सेल चार्ज करून आण, ट्रेसिंग पेपर माझ्याकडे आहे.

तुझा,
काका