नव्या दवाखान्यात गुप्तरोगाचा पेशंट आला की

असा पेशंट बहुधा अंगदुखीचं किंवा अशक्तपणाचं निमित्त काढून येतो. खोलीत कंपाउंडर असेल तर तो खरं बोलणारच नाही. आधी दार लाव, मग विचार. आणि तपासल्याशिवाय औषध लिहू नकोस. आपल्याकडे संकोचापोटी सर्रास लिहितात, मला ते अजिबात पटत नाही.

औषध नाकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, मार्गदर्शनाप्रमाणेच दे. पुरुषाला लघवीच्या जागेतून पू येत असेल तर सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, एकच डोस, शक्यतो तुझ्यासमोर. सरकारी दवाखान्यातलं राखाडी किट म्हणजे हेच. सिप्रोफ्लॉक्सासिन लिहायची जुनी सवय उचलू नकोस, गनोरियाचे (परम्याचे) जंतू आता त्याला फारसे दाद देत नाहीत. न दुखणारा व्रण दिसला तर सिफिलिस मनात धर. त्यावरच्या बेंझाथिन पेनिसिलिनच्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन सांभाळायची तयारी नसेल, तर सरळ जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकला (गुप्तरोगांचा सरकारी दवाखाना) चिठ्ठी दे. गरोदर बाईला डॉक्सिसायक्लिन नको.

सगळ्यात अवघड जोडीदाराचं. नवरा बरा होतो, बायकोला कुणी सांगत नाही, महिन्याभरात दोघंही पुन्हा आजारी. त्यात बाईला अनेकदा काही लक्षणंच नसतात. म्हणून दोघांचे उपचार एकाच वेळी कर, पण त्याच्या संमतीशिवाय तिला काही सांगू नकोस. त्यालाच समजावून बरोबर आणायला लाव.

व्हीडीआरएल (सिफिलिससाठीची रक्ततपासणी) आणि एचआयव्हीची तपासणी प्रत्येकाला सुचव. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात, एचआयव्हीची मोफत होते. सात दिवसांनी परत बोलाव.