गर्दी मोजणारं दार, बॅटरीची बस आणि कंत्राटातला वाटा

मागच्या अंकात अमेरिकेतल्या बस-ट्रेनबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, तर तिकडे राहणाऱ्या वाचकांनी इनबॉक्स भरून टाकला. बहुतेकांच्या हातात आपापल्या ट्रान्झिट एजन्सीचा, म्हणजे शहरातली बस-ट्रेन चालवणाऱ्या सरकारी संस्थेचा, वार्षिक रिपोर्ट आहे आणि त्यातल्या आकड्यांवर कुणाचाच विश्वास बसत नाहीये. त्यातले चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न : रिपोर्टात रायडरशिप, म्हणजे प्रवाशांचा आकडा, दणक्यात वाढली असं मोठ्या अक्षरात छापलंय. मी रोज तीच बस पकडतो, अर्ध्या सीट रिकाम्या असतात. खोटं बोलतात का हे लोक?

खोटं नाही हो, पण तो आकडा माणसांचा नसतो, तो चढण्याचा असतो. तुम्ही घराजवळ बस पकडली, मग ट्रेन, मग उतरून परत बस, तर ऑफिसला पोचेपर्यंत तुम्ही तीन वेळा मोजले गेलात आणि संध्याकाळी घरी येईस्तोवर सहा वेळा. फेडरल सरकारच्या नॅशनल ट्रान्झिट डेटाबेसमध्ये असंच मोजायचं असतं, त्यामुळे यात लबाडी काही नाही. बसच्या दारावर वरच्या बाजूला एक छोटा काळा डबा दिसेल बघा, तो सेन्सर आत किती जण आले आणि बाहेर किती गेले ते मोजतो, तिकीट काढलं की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता यातली गंमत अशी की एखादी थेट बस तोडून तिच्या दोन केल्या आणि मधे तुम्हाला बस बदलायला लावली, तर माणसं तेवढीच राहून आकडा वाढतो! म्हणून शेजारचा पॅसेंजर माइल्सचा कॉलम बघायचा, म्हणजे सगळे प्रवासी मिळून किती मैल गेले. चढणं वाढलंय आणि मैल जागच्या जागी असतील तर काय झालं ते कळतं.

दुसरी गोष्ट, वाढ कुठल्या वर्षाच्या तुलनेत आहे? २०१९ मध्ये अख्ख्या देशात लोक जवळपास १० अब्ज वेळा बस-ट्रेनमध्ये चढले होते, एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे हा आकडा साधारण ८० टक्क्यांनी आपटला. त्या खड्ड्यापासून मोजलं तर कुणाचीही वाढ डोळे दिपवणारीच दिसणार. २०१९ चा आकडा शेजारी छापलाय का ते बघा, नसेल तर का नाही ते विचारा. आणि सगळीकडे सारखं चित्र नाहीये, ऑफिसवाल्यांच्या जिवावर चालणाऱ्या ट्रेन अजून धापा टाकतायत, सॅन फ्रान्सिस्को भागातल्या बार्टला आधी कामाच्या दिवशी चार लाखांवर प्रवासी असायचे, आता त्याच्या निम्म्याच्या आसपास. याउलट हॉस्पिटलात, हॉटेलात, गोडाऊनमध्ये कामाला जाणाऱ्यांच्या साध्या बस बऱ्याच लवकर भरल्या कारण त्या लोकांना वर्क फ्रॉम होम नावाची चैन नव्हतीच.

प्रश्न : आमच्याकडे नव्या कोऱ्या इलेक्ट्रिक बस आल्या, फोटोबिटो झाले, आणि सहा महिन्यांत माझ्या रूटच्या फेऱ्या कमी केल्या. पैसे नाहीत म्हणतात. मग बस कुठल्या पैशांनी आणल्या?

हा प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय आणि सगळ्यांचा राग अगदी रास्त आहे. उत्तर असं की बस घ्यायचे पैसे आणि बस चालवायचे पैसे हे दोन वेगळे खिसे आहेत. फेडरल ग्रांट मुख्यतः खरेदीला मिळते, म्हणजे बस, डेपो, चार्जर वगैरे. दोन लाखांवर वस्तीच्या शहरी भागात ड्रायव्हरच्या पगाराला, डिझेल-विजेच्या बिलाला फेडरल पैसा साधारणपणे वापरता येत नाही, तो खर्च तिकीट, सेल्स टॅक्स आणि राज्य सरकार यांच्या पैशांतून भागवायचा. कोविडच्या काळात अपवाद म्हणून यालाही भरपूर मदत मिळाली, २०२० च्या केअर्स अॅक्टमध्येच ट्रान्झिटला २५ अब्ज डॉलर होते, ते पैसे संपत आले आणि सगळ्यांची एकदमच बोंब सुरू झाली. फिलाडेल्फियाच्या सेप्टा या एजन्सीने ऑगस्ट २०२५ मध्ये ३२ बस रूट बंद केले होते, मग प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी राज्याने भांडवली कामांचा पैसा दोन वर्षं रोजच्या खर्चाला वापरायची मुभा दिली तेव्हा बस परत सुरू झाल्या. म्हणजे उद्याचं छप्पर विकून आजची भाकरी, पण निदान बस तरी आली.

इलेक्ट्रिक बसचं स्वतःचंही दुखणं आहे. कडाक्याच्या थंडीत हीटर बॅटरी खातो, मग जो दिवसभराचा फेरा एक डिझेल बस काढायची तो एका चार्जिंगमध्ये पुरा होत नाही आणि मधेच बस डेपोत आणून दुसरी पाठवावी लागते. किंमत जवळपास दुप्पट, शिवाय डेपोला मोठं वीज कनेक्शन, आणि ते वीज कंपनीकडून मिळेपर्यंत बस आवारात उभ्या. फेडरल पैशांतून घेतलेली मोठी बस निदान १२ वर्षं किंवा ५ लाख मैल चालवायची असा नियम आहे, आणि इलेक्ट्रिक बस बनवणारी प्रोटेरा नावाची कंपनीच २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. मग पार्ट कुठून आणायचे?

कॅलिफोर्नियाचा नियम असा की २०२९ पासून एजन्सीने घ्यायची प्रत्येक नवी बस शून्य उत्सर्जनाची हवी आणि २०४० पर्यंत अख्खा ताफा तसा व्हावा. मला हे पटतं, डेपोशेजारी राहणाऱ्यांना डिझेलचा धूर किती वर्षं गिळायला लावणार? पण ताशी एक फेरी करणारी रिकामी इलेक्ट्रिक बस आणि दर दहा मिनिटांनी येणारी भरलेली डिझेल बस यातली पर्यावरणाला जास्त बरी कुठली, तर मी बेधडक दुसरी म्हणेन कारण तिच्यामुळे माणसं गाडी घरी ठेवतात. ह्यूस्टनने ऑगस्ट २०१५ मध्ये एका रात्रीत सगळं बस नेटवर्क बदललं, जास्त रूटवर आठवड्याचे सातही दिवस पंधरा मिनिटांना बस ठेवली, तर शनिवार-रविवारचे प्रवासी चांगलेच वाढले. त्यासाठी एकही बॅटरी लागली नव्हती.

प्रश्न : तिकीट फुकटच का करत नाहीत?

जिथे तिकिटातून येतंच थोडं तिथे करता येतं. बार्टसारख्या ठिकाणी कोविडआधी चालवायच्या खर्चाचा मोठा वाटा तिकिटातूनच निघायचा, तिथे फुकट म्हणजे फेऱ्याच बंद. मला विचाराल तर फुकट पण न येणाऱ्या बसपेक्षा पैसे देऊन वेळेवर येणारी बरी.

प्रश्न : मी इलेक्ट्रिकल कामाची छोटी फर्म चालवते. डीबीई सर्टिफिकेटवर ट्रान्झिटची सबकॉन्ट्रॅक्ट मिळायची. आता परत सगळं सिद्ध करा म्हणतात. काय भानगड आहे ही?

ताई, भानगड मोठी आहे, नीट सांगते. डीबीई म्हणजे वंचित गटांतल्या मालकांच्या छोट्या धंद्यांना फेडरल पैशांच्या कंत्राटात वाटा मिळावा म्हणून १९८३ पासून चालत आलेली योजना, देशपातळीवर १० टक्क्यांचं उद्दिष्ट, कोटा नव्हे. मालकी निदान ५१ टक्के पाहिजे आणि मालकाची वैयक्तिक संपत्ती ठरावीक मर्यादेत पाहिजे, राहतं घर त्यात धरत नाहीत. आजवर बायका, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, नेटिव्ह अमेरिकन आणि आशियाई, त्यात आपले भारतीय उपखंडातलेही आले, हे सगळे वंचित आहेत असं गृहीतच धरलं जायचं. म्हणजे तुम्ही दोन्ही बाजूंनी बसत होतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये फेडरल वाहतूक खात्याने अंतरिम नियम आणून हे गृहीत धरणंच काढून टाकलं. त्याआधी केंटकीच्या फेडरल कोर्टात ठेकेदारांनी केस केली होती आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कोर्टाने त्यांच्या बाजूने तात्पुरती मनाई दिली होती, त्यामुळे हे आकाशातून पडलेलं नाही. आता प्रत्येक मालकाने स्वतःची कहाणी पुराव्यासकट लिहून द्यायची: कर्ज नाकारलं का, बाँड (काम पुरं करण्याची हमी) मिळाला नाही का, कुठे डावललं गेलं, नेमकं किती नुकसान झालं. वंश किंवा स्त्री असणं हे कारण म्हणून चालणार नाही. तुमच्या राज्याची सर्टिफिकेशन यंत्रणा सगळ्यांची फेरतपासणी पुरी करेपर्यंत एजन्सीला नवीन कंत्राटांवर डीबीईचं उद्दिष्टही लावता येत नाही. नियम अंतरिम आहे, तेव्हा फॉर्म भरण्याआधी राज्याच्या ऑफिसातून ताजी माहिती घ्याच. बँकेची नकारपत्रं, जुन्या ईमेल, हुकलेल्या टेंडरचे कागद आत्ताच तारखेनुसार लावून ठेवा.

योजनेबद्दल माझं मत विचाराल तर हेतू चांगला आणि अंमलबजावणीत भोकं. कागदावर बायकोचं नाव आणि धंदा चालवणारा नवरा, किंवा नुसतं बिल पुढे सरकवून कमिशन खाणारी फर्म, असे प्रकार होते म्हणूनच तर फर्मने खरंच काम केलं पाहिजे आणि माल स्वतः न बनवता नुसता विकणाऱ्या डीबीई दुकानदाराकडून घेतला तर किमतीच्या ६० टक्केच उद्दिष्टात धरायचे असे नियम आले. पण तुमच्यासारख्या खऱ्या फर्मचं मरण बहुतेक वेळा पेमेंटमध्ये असतं. एजन्सीकडून पैसे आल्यावर मुख्य ठेकेदाराने ३० दिवसांत तुम्हाला द्यायचे असा नियम आहे. एजन्सीने ठेकेदाराला पैसे कधी दिले हेच तुम्हाला कळत नाही आणि तो म्हणतो अजून आलेच नाहीत. तर सरळ एजन्सीच्या कॉन्ट्रॅक्ट कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे कंत्राटाचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या ऑफिसला, लेखी विचारा की अमुक इन्व्हॉइसचे पैसे कुठल्या तारखेला दिले, बऱ्याच एजन्सींकडे हे बघायचं ऑनलाइन पोर्टलही असतं. सही करण्याआधी रिटेनेज, म्हणजे बिलातून मागे ठेवायची रक्कम, किती कापणार आणि तुमचं काम संपल्यावर परत मिळणार की अख्खा प्रोजेक्ट संपल्यावर, हे वाचा. आणि सर्टिफिकेट येईपर्यंत थांबून राहू नका, छोट्या धंद्यांसाठी वंश-लिंग न बघणारी वेगळी योजना अनेक एजन्सींकडे असते, त्यात मोठ्या कामाचे तुकडे पाडून देतात. टेंडर भरण्याआधी एजन्सी जी प्री-बिड मीटिंग घेते तिला जाऊन हजेरीच्या कागदावर नाव टाकून या, मुख्य ठेकेदार सबकॉन्ट्रॅक्टर शोधताना बरेचदा तीच यादी चाळतात.