सेटलमेंट झालं, तरी सिबिलमध्ये ‘राइट-ऑफ’

प्रश्न : मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते, खासगी शाळेत शिक्षिका आहे. २०१९ मध्ये क्रेडिट कार्डाचे ६८,००० रुपये थकले होते. बँकेनं ४०,००० वर सेटलमेंट केलं. ते मी ऑगस्टमध्ये दोन हप्त्यांत भरले. पत्र आहे, पावत्या सापडत नाहीत. आता गोत्रीतल्या फ्लॅटसाठी गृहकर्ज नाकारलं गेलं, कारण सिबिल रिपोर्टमध्ये ते कार्ड ‘राइट-ऑफ, बाकी २८,०००’ असं आहे. वसुलीवाला रोज फोन करतो, ‘पाच हजार टोकन भरा, नाव काढतो.’ भरू का?

उत्तर : ताई, भरू नका. ‘पुढच्या महिन्यात देते’ असं लिहून तर मुळीच देऊ नका. कोर्टात दावा लावण्याची मुदत उलटलेलं कर्ज फेडण्याचं लेखी, सहीचं वचन करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे नवा करार ठरू शकतं. त्याला एवढंच सांगा, ‘कुणाच्या वतीनं बोलताय, ते अधिकारपत्रासह लेखी पाठवा.’ सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर असे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

राइट-ऑफ म्हणजे कर्जमाफी नव्हे. वसुली होत नाही म्हणून बँक आपल्या हिशेबात ते येणं बुडीत धरते, कर्जदाराचं देणं तेवढ्यानं फिटत नाही. पण तुमचं प्रकरण तिथे थांबलेलं नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ प्रमाणे धनकोनं कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारली की सगळं देणं संपतं. म्हणजे ते २८,००० बँकेनं सोडलेले आहेत, तुमच्याकडे बाकी नाहीत.

फक्त पत्र पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचा. अशा पत्रात बहुधा एक तारीख असते, त्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम आली नाही तर सवलत रद्द. तुमचा दुसरा हप्ता त्या तारखेच्या आत गेला का, यावर सगळी मदार आहे. पावत्यांवाचून अडणार नाही. ज्या खात्यातून पैसे गेले, त्याचा ऑगस्ट २०१९ चा उतारा शाखेतून शिक्क्यासह घ्या आणि दोन्ही नोंदींवर खूण करा.

मग सिबिलच्या संकेतस्थळावर त्या खात्याची ‘स्थिती’ आणि ‘बाकी’ या दोन्हींवर हरकत नोंदवा. सिबिल बँकेला विचारल्याशिवाय आकडा बदलत नाही, म्हणून त्याच दिवशी बँकेच्या नोडल (तक्रारी पाहणाऱ्या) अधिकाऱ्यालाही पत्र आणि उतारा पाठवा, पोच जपून ठेवा. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेनं २१ दिवसांत सुधारित माहिती दिली नसेल, तर हा भुर्दंड बँकेचा. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांचे रिपोर्टही मागवा. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट प्रत्येकाकडून फुकट मिळतो, आणि हीच चूक तिथेही असू शकते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दुरुस्तीनंतर तिथे ‘सेटल्ड’ आणि बाकी शून्य असं येईल, ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) येणार नाही. ‘सेटल्ड’ ही नोंद खरी आहे, त्यामुळे ती पुसून मागता येत नाही. आठवड्यात सिबिल साफ करून देतो म्हणणाऱ्यांनाही ती पुसता येत नाही, त्यांना पैसे देऊ नका. सोडलेली रक्कम भरली तर ‘क्लोज्ड’ नोंद आणि ना-देय प्रमाणपत्र देणार का, हे मात्र बँकेला लेखी विचारता येईल. ते तुमच्या मर्जीवर आहे, आणि भरायचंच ठरलं तर थेट बँकेत भरा, एजंटाच्या हाती नको.

तोवर नवे कर्जअर्ज करू नका, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये चढते. फ्लॅटचं बानाखत (खरेदीआधीचा विक्रीचा करार) अजून व्हायचं असेल, तर कर्ज मंजूर न झाल्यास भरलेली रक्कम परत मिळेल, ही अट त्यात लिहून घ्या.